मोटारसायकलची हिवाळी वाहतूक (वर्धा जिल्हा)

मोटारसायकलची हिवाळी वाहतूक म्हणजे मोटारसायकल स्वतः न चालवता ती मालवाहू वाहनावर, ट्रेलरवर किंवा रेल्वेने हिवाळ्याच्या दिवसांत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे होय. शीत प्रदेशांत बर्फ, निसरडे रस्ते आणि बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ यांमुळे दुचाकी ट्रेलरवर चढवून नेण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात बर्फ पडत नाही. तेथे हिवाळ्यातील अडचणी वेगळ्या असतात: पहाटेचे धुके, दवाने ओला झालेला रस्ता, अधूनमधून येणारा अवकाळी पाऊस आणि कापसाच्या हंगामातील संथ वाहतूक. मोटारसायकल कशी बांधावी, केव्हा निघावे आणि कोणता मार्ग धरावा, हे या परिस्थितीवर ठरते.

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), हिंगणघाट व समुद्रपूर असे ८ तालुके आहेत. शेतकरी, दूध विक्रेते, शिक्षक, फिरते कारागीर अशा अनेकांचा रोजचा व्यवहार मोटारसायकलवर चालतो. बदली झालेले कर्मचारी, शिक्षण संपवून गावी परतणारे विद्यार्थी, जुनी वाहने घेणारे-विकणारे आणि रस्त्यात बंद पडलेल्या वा अपघातग्रस्त गाडीचे मालक यांना ती गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी लागते. अशा गाडीची किंमत पुष्कळदा मालकाच्या अनेक महिन्यांच्या कमाईएवढी असते. त्यामुळे वाटेत झालेले नुकसान त्याच्या उपजीविकेलाच बाधा आणते.

मोटारसायकल उद्योगाशी वर्ध्याचा ऐतिहासिक संबंधही आहे. स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते व उद्योगपती जमनालाल बजाज यांचे वर्धा हे कार्यक्षेत्र होते. त्यांच्या निधनानंतर १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने स्थापन झालेली कंपनी पुढे १९६० मध्ये बजाज ऑटो या नावाने ओळखली जाऊ लागली. कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारसायकली विक्रेत्यांकडे बंदिस्त कंटेनरमधून येतात. त्यांत प्रत्येक गाडीसाठी ठरावीक खाचा व पट्टे असतात. जुन्या, एकट्यादुकट्या गाडीला ही सोय मिळत नाही आणि या लेखाचा विषय प्रामुख्याने अशीच गाडी आहे.

प्रमुख मार्ग

जिल्ह्यातून ४ महत्त्वाचे मार्ग जातात. नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ (पूर्वीचा ७) जाम व हिंगणघाटमार्गे जातो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ बुटीबोरीहून वर्धा व देवळीमार्गे यवतमाळकडे जातो. नागपूर–अमरावती हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (पूर्वीचा ६) कारंजा (घाडगे) व तळेगाव (श्यामजीपंत) येथून जातो. चौथा मार्ग हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग होय. त्याचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून जातो.

समृद्धी महामार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहने चालवण्यास मनाई आहे. मात्र मालवाहू वाहनावर बांधलेली मोटारसायकल हा त्या वाहनातील माल असतो. त्यामुळे ती या मार्गाने नेता येते. या मार्गावर वाटेल तेथे वाहन उभे करता येत नाही. म्हणून दोर व पट्ट्यांची तपासणी महामार्गावर चढण्यापूर्वीच पुरी करावी लागते.

हिवाळ्यातील रस्त्यांची स्थिती

धुके: नोव्हेंबर ते जानेवारी या काळात निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतच्या दमट हवेत धुके तयार होते. वर्धा, वणा, धाम व बोर या नद्यांची खोरी, जलाशयांचा परिसर आणि ओलिताखालील शेते येथे ते अधिक दाट असते. रस्ता उंचावर असताना स्वच्छ दिसणारी वाट पुलाच्या उतारावर अचानक दिसेनाशी होते. हवामानशास्त्रात दृश्यमानता १,००० मीटरपेक्षा कमी झाली की धुके मानले जाते. २०० मीटरच्या आत ते दाट आणि ५० मीटरच्या आत अतिदाट समजतात. धुके सूर्योदयाच्या आसपास सर्वांत दाट असते आणि ऊन चढले की विरते.

दव आणि अवकाळी पाऊस: पहाटे लोखंडी हौद, लाकडी फळ्या व डांबर यांवर दव साचते. धूळ आणि सांडलेले तेल त्यात मिसळून पृष्ठभाग निसरडा होतो. काही वर्षी जानेवारी–फेब्रुवारीत विदर्भात अवकाळी पाऊस व गारपीट होते. तेव्हा शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते आणि ओली काळी माती वंगणासारखी घसरते.

हंगामी वाहतूक: हिवाळा हा कापूस, तूर व संत्र्याच्या वाहतुकीचा काळ असतो. कापसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बाजार समित्या व जिनिंग कारखान्यांकडे निघालेल्या असतात. भावाच्या बोलीला लवकर पोहोचण्यासाठी त्यांपैकी अनेक जण रात्री किंवा पहाटे निघतात. मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली धुक्यात जवळ येईपर्यंत दिसत नाही. हिवाळी प्रवासातील हा सर्वांत गंभीर धोका आहे.

वन्यप्राणी: बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या भागात आणि शेतशिवारांत रात्री रोही व रानडुकरे रस्ता ओलांडतात. प्राणी चुकवण्यासाठी अचानक वळवलेले स्टिअरिंग उंच व बाजूला कललेल्या भारामुळे वाहन उलटण्यास कारण ठरू शकते. जिल्ह्यातील रात्रीच्या प्रवासाची जोखीम २०२२ सालच्या जानेवारीत ठळकपणे समोर आली. देवळी–वर्धा मार्गावर सेलसुरा येथे रात्री मोटार पुलावरून कोसळून ७ वैद्यकीय विद्यार्थी मृत्युमुखी पडले.

वाहतुकीची साधने

छोटा टेम्पो: ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखले जाणारे लहान मालवाहू वाहन जिल्ह्यात सर्वत्र मिळते. त्याच्या हौदाची लांबी सुमारे ७ फूट असते. साधारण मोटारसायकल सुमारे २ मीटर, म्हणजे साडेसहा फुटांहून थोडी अधिक लांब असते; त्यामुळे ती सरळ उभी केली तर जेमतेम मावते. मागची फळी उघडी ठेवून चाक बाहेर काढण्याची पद्धत धोक्याची आणि बेकायदेशीर आहे.

पिकअप: याचा हौद अधिक लांब व मजबूत असतो. दोन मोटारसायकली एकमेकींकडे उलट तोंड करून उभ्या करता येतात; त्यामुळे दोन्हींचे हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

ट्रॅक्टरची ट्रॉली: गावातून तालुक्यापर्यंत बंद पडलेली गाडी नेण्यासाठी ही सर्वांत सुलभ असते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्प्रिंग नसल्याने प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट गाडीला बसतो आणि दोर लवकर सैल होतात. आधारासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना कुटाराने भरलेली पोती लावतात. पण कुटार सहज पेट घेते. म्हणून सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावरच ती लावणे योग्य ठरते.

दुचाकी ट्रेलर: मोटार वा जीपच्या मागे जोडण्याचा ट्रेलर युरोप–अमेरिकेत सामान्य आहे, भारतात विरळा. त्यावर भार ठेवताना ट्रेलर व माल यांच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या आकड्यावर यावा, असा संकेत आहे. मोटारसायकलचे वजन आसाच्या फार मागे गेले, तर पुढचे वाहन वेग घेताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ओल्या रस्त्यावर तो सावरणे कठीण जाते.

रेल्वे: लांब पल्ल्यासाठी रेल्वे हा जुना पर्याय आहे. वर्धा जंक्शन हे मुंबई–नागपूर–हावडा मार्गावर, तर सेवाग्राम व हिंगणघाट ही स्थानके दिल्ली–चेन्नई मार्गावर आहेत. प्रवाशाच्या तिकिटाबरोबर सामान म्हणून किंवा तिकिटाशिवाय पार्सल म्हणून मोटारसायकल पाठवता येते. त्यासाठी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत व ओळखपत्र लागते. गाडी गोणपाटाने गुंडाळतात आणि तिच्यावर पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता व दोन्ही स्थानकांची नावे ठळक लिहितात. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करणे बंधनकारक असते. हिवाळ्यात उत्तर भारतातील धुक्यामुळे दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या उशिरा धावतात. त्यामुळे पार्सल केव्हा उतरेल याची चौकशी करत राहावे लागते; उतरल्यावर ठरलेल्या मुदतीत ते न नेल्यास स्थानशुल्क आकारले जाते.

चढवण्याची पद्धत

गाडी हौदात चढवताना होणारे अपघात प्रवासातील अपघातांइतकेच टाळण्याजोगे असतात. हौदाची उंची अडीच फूट आणि फळीची लांबी ६ फूट असेल, तर चढ सुमारे २४ अंशांचा होतो. तीच फळी ८ फुटांची घेतल्यास तो १८ अंशांवर येतो. ११० किलोची गाडी १८ अंशांच्या चढावर ढकलण्यासाठी सुमारे ३४ किलो वजनाइतका जोर लागतो. २४ अंशांवर तो ४५ किलोपर्यंत जातो. म्हणून लांब फळी वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. खेड्यात वाहन उंच बांधाला किंवा गोदामाच्या धक्क्याला मागून लावतात. तेथे चढ जवळजवळ नाहीसा होतो.

दव पडलेली फळी पुसून तिच्यावर गोणपाट ठोकतात. फळीचे वरचे टोक हौदाला बांधणे आवश्यक असते. अन्यथा गाडीचे चाक चढताच फळी मागे सरकते. कामाला किमान ३ माणसे लागतात: एक हँडल व पुढचा ब्रेक सांभाळण्यास, दुसरा मागून ढकलण्यास आणि तिसरा हौदात उभा राहून तोल राखण्यास. गाडी सुरू करून इंजिनाच्या जोरावर फळीवर चढवणे ओल्या दिवसांत विशेष धोक्याचे असते.

बांधणीचे तत्त्व

मोटारसायकल दोन चाकांवर उभी राहणारी वस्तू असल्याने ती चारही दिशांनी धरावी लागते. युरोपीय मानकानुसार बांधणीने पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर सहन केला पाहिजे. १५० किलोच्या गाडीसाठी हा जोर पुढे १२० आणि बाजूला ७५ किलो वजनाइतका होतो. केवळ बाजूच्या स्टँडवर उभी केलेली व एका दोराने आवळलेली गाडी एवढा जोर पेलू शकत नाही.

योग्य बांधणीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत:

१. पुढचे चाक हौदाच्या पुढील भिंतीला टेकवतात आणि मध्ये जुना टायर ठेवतात. अचानक ब्रेक लागल्यास पुढचा जोर दोरांऐवजी भिंतीवर जातो.

२. गाडी सरळ उभी ठेवून बाजूचे स्टँड वर घेतात. स्टँडवर भार राहिला तर धक्क्यांनी ते वाकते किंवा हौदाचा पत्रा फाडते.

३. पुढचे दोन पट्टे फोर्कच्या वरच्या जोडाला अडकवून दोन्ही बाजूंना, पुढे व खाली, सुमारे ४५ अंशांत ओढतात. पट्टा उभा असेल तर बाजूचा आधार मिळत नाही. आडवा असेल तर गाडी खाली दाबली जात नाही. आरसा, इंडिकेटर किंवा हँडलच्या मुठी यांना दोर बांधू नये.

४. पुढचे शॉकअब सुमारे एक तृतीयांश दबेपर्यंत पट्टे आवळतात. त्यामुळे खड्ड्यात गाडी खाली गेली तरी पट्टा सैल पडत नाही. शॉकअब पूर्ण दाबल्यास त्यांचे तेलाचे सील फुटण्याचा धोका असतो.

५. मागचे दोन पट्टे चासीला अडकवून मागे व खाली ओढतात. मागचे चाक स्वतंत्रपणे बांधून ते बाजूला सरकणार नाही याची खात्री करतात.

६. गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवतात, हँडलचे कुलूप मात्र लावत नाहीत. धक्क्याने ते तुटू शकते.

हिवाळ्यात दोराचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. ताग व सुताचा दोर दवाने भिजला की आखडतो आणि ऊन लागून सुकला की सैल पडतो. नायलॉनचा दोर भिजल्यावर अधिक ताणला जातो. म्हणजे पहाटे घट्ट असलेली बांधणी दहा वाजेपर्यंत ढिली झालेली असू शकते. पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे यांत सर्वांत भरवशाचे असतात. कोणताही दोर वापरला तरी निघाल्यावर पहिल्या १५–२० किलोमीटरनंतर आणि ऊन चढल्यावर पुन्हा एकदा तो तपासणे आवश्यक असते. टायरच्या वा टाकीच्या कडेवर घासणाऱ्या दोराखाली जाड कापडाची घडी ठेवतात. ताडपत्री सैल बांधल्यास ती वाऱ्याने फडफडते आणि तिच्याखालील ओली धूळ रंगावर चरे पाडते.

धुक्यातील वेग

धुक्यात वाहन चालवण्याचा मूळ नियम असा की, थांबण्याचे अंतर दिसणाऱ्या अंतरापेक्षा कमी असले पाहिजे. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत २ सेकंद गेले आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर मध्यम जोराने ब्रेक लावला, तर थांबण्याचे अंतर अंदाजे असे येते:

ताशी ४० किलोमीटर – ३५ मीटर
ताशी ६० किलोमीटर – ६१ मीटर
ताशी ८० किलोमीटर – ९४ मीटर

रस्ता ओला असेल तर ही अंतरे आणखी वाढतात. ५० मीटरपर्यंतच दिसत असताना ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक समोर उभी असलेली ट्रॉली पाहूनही वेळेत थांबू शकत नाही. त्यातच जोराने ब्रेक लावल्यास हौदातील मोटारसायकलचा सारा भार पुढच्या भिंतीवर येतो. सैल बांधलेली गाडी अशा वेळी चालकाच्या केबिनवर आदळते.

धुक्यात दिव्यांचा प्रकाशझोत खालच्या बाजूला ठेवतात, कारण वरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून परतून चालकाचेच डोळे दिपवतो. वाहन चालत असताना चारही इंडिकेटर लावल्यास ते उभे आहे की वळते आहे हे मागच्याला कळत नाही. थांबायचे झाल्यास वाहन रस्त्याच्या कडेला नव्हे, तर पेट्रोल पंप, ढाबा किंवा वाहनतळ अशा रस्त्याबाहेरच्या जागी घेणे सुरक्षित असते.

डिसेंबरच्या अखेरीस वर्धा येथे सूर्योदय पावणेसातच्या आणि सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. धुके विरण्याचा वेळ धरला तर सकाळी ९ ते सायंकाळी साडेपाच हा काळ या कामासाठी योग्य ठरतो. वर्धा ते नागपूर हे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर या वेळेत सहज पुरे होते. पहाटे निघून वाचणारे दोन तास हे धोक्याच्या मानाने क्षुल्लक असतात.

इंधन आणि आग

रस्त्याने नेतानाही टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवतात. ज्या गाड्यांना पेट्रोलचा कॉक असतो तो बंद करतात. गाडी आडवी टाकून नेल्यास टाकीच्या झाकणातून पेट्रोल, तसेच काही बॅटरींतून आम्ल गळते. म्हणून जागा कमी असली तरी गाडी आडवी टाकणे अयोग्य आहे. बंदिस्त हौदात पेट्रोलची वाफ साचते. थंडीत चालकाच्या मदतनीसाने हौदाजवळ विडी ओढणे वा शेकोटी करणे यामुळे आग लागू शकते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक माल नियमबाह्य रीतीने रेल्वेत नेणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रिकाम्या टाकीचा आग्रह धरण्यामागे हेच कारण आहे.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच ठरते; त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. वर्धा जिल्ह्यातील वाहनांना एमएच ३२ ही नोंदणी मालिका आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालाचा कोणताही भाग वाहनाच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर आल्यास २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मोटारसायकल धरण्यासाठी माणसाला हौदात बसवणे नियमाविरुद्ध आहे. गाडी उलटल्यास सर्वांत आधी तोच तिच्याखाली सापडतो. मोटारसायकल कायमची दुसऱ्या राज्यात न्यायची असेल आणि ती तेथे १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

व्यावसायिक मालवाहकामार्फत गाडी पाठवल्यास रस्ते मालवाहतूक अधिनियम, २००७ लागू होतो. मालाचे मूल्य अधिक जाहीर करून जादा दर भरलेला नसल्यास नुकसानीची भरपाई भाड्याच्या १० पटीपर्यंत मर्यादित राहते. उदाहरणार्थ, भाडे २,००० रुपये असेल तर गाडी पूर्ण मोडली तरी २०,००० रुपयांपेक्षा अधिक भरपाई मिळत नाही. म्हणून पावतीवर गाडीचे मूल्य नोंदवणे महत्त्वाचे आहे. दावा करण्यापूर्वी माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत मालवाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते. गाडी सुपूर्द करताना चारही बाजूंनी छायाचित्रे काढणे आणि किलोमीटरचा आकडा पावतीवर लिहून घेणे पुढे पुराव्यादाखल उपयोगी पडते.

उतरवल्यानंतरची तपासणी

गाडी उतरवताना पट्टे एकदम सोडत नाहीत. आधी मागचे, मग पुढचे एकेक करून सोडतात आणि तोवर एकाने हँडल धरलेले असते. नंतर ब्रेक, क्लच, हँडलचा सरळपणा, फोर्कमधून तेलाची गळती आणि चेनचा ताण पाहतात. दवाने भिजलेली चेन पुसून तिला तेल देतात. टाकी रिकामी करून पाठवलेल्या गाडीत पुरेसे पेट्रोल भरल्याशिवाय ती सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी इंधन अंतःक्षेपण प्रणाली असते. तिचा इंधन पंप कोरडा चालल्यास खराब होतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला थंडीत चोक ओढून काही वेळ मंद चालू ठेवावे लागते. पहिले काही किलोमीटर हळू चालवून ब्रेक नीट लागतात याची खात्री केल्यावरच गाडी नेहमीच्या वापरात आणतात.

हेही पहा

वर्धा जिल्हा
समृद्धी महामार्ग
वर्धा जंक्शन रेल्वे स्थानक
धुके
मोटारसायकल
मोटार वाहन अधिनियम, १९८८